दुष्काळात माळ कोणाच्या ताब्यात जातो?

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीच्या सुमारे तिप्पट. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, आणि तरीही याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक माणसांच्या पिण्याच्या पाण्यापुरतेच असते. माळावरचे गवत, बांधावरची झाडे आणि खाचरातले तण यांच्यावर पाण्याच्या तुटवड्याचा काय परिणाम होतो, याचा विचार क्वचितच होतो. आणि ठाणे, डोंबिवली, वाशी, नेरूळ इथे राहून मुरबाड-बदलापूरकडे एक-दोन एकर जमीन राखून असणाऱ्यांना तर हा प्रश्न हौसेने लावलेली रोपे एखाद्या उन्हाळ्यात वाळून गेल्यावरच पडतो.

इथला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खाली बसाल्टचा काळा कातळ, त्यावर मुरूम आणि मुरमावर वीतभर, कुठे हातभर माती, अशी वरकस, म्हणजे भातखाचरांबाहेरच्या उताराच्या जमिनीची रचना असल्यामुळे पडलेल्या पाण्यातला मोठा भाग ओढ्यानाल्यांतून काळू, भातसा आणि उल्हास नद्यांना मिळतो आणि शेवटी खाडीला जातो. मातीत जे उरते ते फार तर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पुरते. त्यानंतर मे संपेपर्यंत आभाळातून काही येत नाही, आणि मार्चनंतर समुद्रापासून आत असलेल्या या पट्ट्यात पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. म्हणजे इथल्या रानातली प्रत्येक वनस्पती दरवर्षी सात-आठ महिने पावसाविना काढतेच. तेवढ्याला ती सरावलेली आहे.

म्हणून या भागात तीव्र दुष्काळ म्हणायचे ते पावसाचे चार महिनेच मोडतात तेव्हा. ते तीन प्रकारांनी मोडू शकतात. पहिला प्रकार पाऊस उशिरा येण्याचा. २०१४ च्या जून महिन्यात देशभरातला पाऊस सरासरीपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी होता. दुसरा मधल्या खंडाचा. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या महिन्यात ३६ टक्के तूट राहिली. तिसरा प्रकार सप्टेंबर लागता लागता पाऊस निघून जाण्याचा. भाताचे नुकसान पहिल्या दोन प्रकारांत डोळ्यांना दिसते, पण झाडे आणि कुरणे यांच्या दृष्टीने मला तिसरा प्रकार सर्वांत वाईट वाटतो, कारण सप्टेंबरचा पाऊसच मुरून पुढच्या कोरड्या महिन्यांची शिदोरी होत असतो. त्यातही एका वर्षाची तूट बहुतेक वनस्पती सोसतात. लागोपाठच्या दोन वर्षांची तूट, जशी देशाने २०१४ मध्ये १२ आणि २०१५ मध्ये १४ टक्क्यांची पाहिली, ती मात्र मुळांपर्यंत पोहोचते.

दुष्काळ सगळ्या हिरवाईला सारख्याच मापाने मारतो, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात तो वनस्पतींमधली वाटणी बदलतो. काही वनस्पती मरतात, काही नुसत्या झोपतात, काही घाईघाईने बी टाकून मोकळ्या होतात, आणि या सगळ्यात माळावर उघड्या मातीचे तुकडे तयार होतात. पुढच्या पावसात ते तुकडे कोण पटकावतो, यावर त्या जमिनीची पुढची पाच-दहा वर्षे ठरतात. आणि ते बऱ्याच अंशी पाऊस येण्याआधी आपण तिथे काय केले यावर अवलंबून असते.

पान, पाणी आणि सौदा

पानाच्या पृष्ठभागावर, बहुतेक वनस्पतींत खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू याच छिद्रांतून आत येतो, आणि छिद्र उघडले की आतल्या पाण्याची वाफ बाहेर जाते. हा सौदा टाळता येत नाही. मातीत पाणी असते तोवर वनस्पती छिद्रे उघडी ठेवून खुशाल वाढते; पाणी कमी पडू लागले की ती छिद्रे मिटते, त्यामुळे पाणी वाचते, पण अन्न बनणेही थांबते. म्हणजे दुष्काळात वनस्पतीपुढे तहान आणि भूक यांपैकी एक निवडण्याची वेळ येते, आणि कोणती वनस्पती कोणत्या बाजूला झुकते यावरून तिचे भवितव्य बरेचसे सांगता येते.

काही वनस्पतींनी या सौद्यातून वाट काढली आहे. त्या कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी गोळा करतात आणि मग तो वापरतात, त्यामुळे छिद्रे थोडीच उघडी ठेवूनही त्यांचे भागते. एक किलो वाळलेला पाला तयार करायला त्यांना भातासारख्या पिकाच्या साधारण निम्मे पाणी पुरते. माळावरची बहुतेक गवते या गटातली आहेत आणि तो निसर्गाचा शहाणपणाच म्हणायचा. अडचण अशी की हरळी, लव्हाळा आणि खाचरातले पाखड हे तणही याच गटातले आहे, आणि भात मात्र नाही. ऑगस्टच्या खंडात पिवळ्या पडलेल्या भाताच्या चुडांमधून लव्हाळा तजेलदार उभा दिसतो, त्यामागचे मोठे कारण हेच आहे.

माळावरचे गवत

जुन्या ठाणे जिल्ह्यात गवत हे एके काळी पिकाइतकेच महत्त्वाचे होते. भिवंडी, वाडा, शहापूर या भागांतले गवत कापून, दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे, आणि त्यावर गावोगावी गवताच्या वखारी चालत. आज तो व्यवहार पूर्वीइतका राहिलेला नसला तरी डांगी आणि कोकण कपिला या काटक जातींच्या गुरांचा चारा अजूनही मुख्यतः दोनच ठिकाणांहून येतो: भाताचा पेंढा आणि माळावरचे गवत.

माळावर दोन स्वभावांची गवते असतात. पवन्या आणि मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते ठोंबाने जगतात. वरची पाती वाळली तरी मातीलगतच्या खोडाशी कोंब जिवंत राहतात आणि पहिल्या सरीनंतर तिथूनच फुटतात. दुसरी गवते एकाच पावसाळ्यात उगवून, बी टाकून मरणारी. दुष्काळात ही दुसरी गवते खुरटलेल्या अवस्थेतच, चार बोटे उंचीवर असताना फुलतात आणि बी टाकतात. त्या वर्षी चारा मिळत नाही, पण जात टिकते. ठोंबाची गवते याच्या उलट. ती चटकन मरत नाहीत, मात्र एकदा मेली की बियांतून सहजासहजी परतत नाहीत.

आता, ठोंब नुसत्या पावसाच्या खंडाने क्वचितच मरतो. तो मरतो खंड आणि चराई एकाच वेळी वाट्याला आल्यामुळे. गवताच्या पात्यांचा निम्म्यापेक्षा जास्त भाग खाल्ला गेला की मुळांची वाढ मंदावते आणि चार-पंचमांश गेला की ती काही दिवस जवळपास पूर्ण थांबते, हे चराईवरच्या प्रयोगांत फार पूर्वीच दिसून आले आहे. ओल्या वर्षी हे काही दिवस भरून निघतात. कोरड्या वर्षी ओल रोज खाली खाली सरकत असते आणि तिचा पाठलाग करणारे मूळ नेमके त्याच दिवसांत थांबलेले असते. त्यात जमिनीवर दुसरे काही नसल्याने जनावर त्याच ठोंबाला पुन्हा तोंड लावते. भाताची कापणी झाल्यावर गुरे मोकाट सोडण्याची आपल्याकडची पद्धत चांगल्या वर्षी निरुपद्रवी असते; ज्या वर्षी सप्टेंबर कोरडा गेला, त्या वर्षी तीच पद्धत गुरचरणाचे अनेक वर्षांचे नुकसान करून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे नुकसान एका क्रमाने दिसते. आधी पवन्या आणि मारवेल विरळ होतात, कारण गुरांना तीच सर्वांत आवडतात. त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीला कोवळेपणी गुरे खातात, पण फुलोरा आला की तिची कुसळे जनावराच्या तोंडात रुततात आणि मग ती शिल्लक राहते. शिवाय तिच्या बियाणाला असलेले लांब कुसळ दमट हवेत उलगडते आणि कोरड्या हवेत पिळले जाते, आणि या पिळण्या-उलगडण्याने बी स्वतःला मातीत खोचून घेते. त्यामुळे वरून वणवा गेला तरी पुष्कळ बी खाली सुरक्षित राहते. ज्या माळाला दरवर्षी वणवा लागतो तिथे कुसळीच कुसळी दिसण्यामागे हेही एक कारण आहे. कुसळीही टिकू शकली नाही, तर शेवटी उरते उघडी माती, मुरूम, आणि टाकळ्याचे तण.

चाऱ्याचा हिशेब या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तो अवघड नाही. जनावराला दिवसाला त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के इतका वाळलेला चारा लागतो, म्हणजे अडीचशे किलोच्या गाईला पाच ते सहा किलो. नोव्हेंबर ते जून असे सुमारे २४० दिवस धरले, तर एका गाईला बाराशे ते पंधराशे किलो. ऑक्टोबरमध्ये उडवी, म्हणजे पेंढ्याची गंजी, रचून झाली की पेंढा आणि गवत किती आहे याचा अंदाज येतो, आणि त्याच वेळी या आकड्याने भागून किती जनावरे पोसता येतील हे ठरवता येते. प्रत्यक्षात हा निर्णय मार्च-एप्रिलवर ढकलला जातो. तोवर जनावर हडकलेले असते, त्याला भाव येत नाही आणि माळ तर आधीच खरवडून निघालेला असतो.

तण कमी दिसते तेव्हा

दुष्काळी वर्षात तण कमी उगवते, हे खरे आहे. पण जमिनीत पडून असलेले तणाचे बी हा वेगळा साठा आहे आणि तो इतक्यात संपत नाही. टाकळ्याच्या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. एका पावसात त्यातले थोडेच उगवते आणि बाकीचे पुढच्या वर्षांसाठी राहते. ज्या वर्षी उगवलेली सगळी रोपे खंडात करपतात, त्या वर्षीही मागे राखीव फौज असतेच. (टाकळ्याला इतकी दूषणे देताना हेही सांगायला हवे की जूनमध्ये त्याची कोवळी पाने ठाणे-कल्याणच्या बाजारात रानभाजी म्हणून विकली जातात आणि ती भाजी उत्तम होते. हे तण खाऊन संपवता आले असते तर प्रश्नच नव्हता.)

खाचरातला प्रकार निराळा आहे. लावणी झाल्यावर बांधात साठलेले दोन-तीन इंच पाणी हे भाताचे सर्वांत स्वस्त तणनाशक असते, कारण पाण्याखाली हवा न मिळाल्याने बहुतेक तणांचे बी रुजत नाही. पावसाने ओढ दिली, पाणी आटले आणि चिखल उघडा पडला की तेच बी हवा, ऊन आणि ओल तिन्ही मिळून तरारते. म्हणजे भाताला पाणी हवे असते नेमके त्याच आठवड्यात त्याचा वाटेकरीही जन्माला येतो. राब भाजण्याच्या जुन्या पद्धतीत रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि कवळ (झाडांच्या छाटलेल्या पाल्याच्या फांद्या) जाळल्याने मातीच्या वरच्या थरातले तणाचे बी करपते, हा तिचा एक फायदा. तिची किंमत ऐनासारखी झाडे कशी चुकवतात, ते पुढे येईल.

लव्हाळ्याची ताकद जमिनीखालच्या गाठींत असते. वरचे पान करपले तरी खोलवरची गाठ महिनोन्‌महिने थांबते. मात्र ही गाठ उन्हात उघडी पडून पूर्ण सुकली तर मरते, आणि म्हणून कडक उन्हाळ्यात केलेली नांगरट लव्हाळ्याविरुद्ध चांगला उपाय ठरते. दुष्काळाचा शेतकऱ्याला जो थोडाफार फायदा करून घेता येतो, त्यातला हा एक. उताराच्या वरकस जमिनीवर मात्र हा प्रयोग करू नये, कारण तिथे नांगरलेली माती जूनच्या पहिल्या मुसळधारेत खाली जाते.

गाजरगवताविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे अमेरिका खंडातले तण आज देशभर आहे. एक चांगले वाढलेले झुडूप पंधरा ते पंचवीस हजार बिया देते. कोरडे दिवस आले की ते उंच वाढायचे सोडून जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चक्रासारखे बसून राहते, थोडी ओल मिळाली की उठते आणि उगवल्यापासून चार-पाच आठवड्यांतही फुलू शकते. भोवतालच्या रोपांची उगवण रोखणारी द्रव्ये ते मातीत सोडते, त्यामुळे एकदा उघड्या तुकड्यावर बसले की शेजाऱ्याला शिरू देत नाही. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये भारतात सोडण्यात आला आणि पावसाळ्यात तो काम चांगले करतो. परंतु हवा कोरडी झाली की हा भुंगेरा मातीत शिरून निद्रिस्त होतो. पाऊस उशिरा आला तर भुंगेऱ्याचे जागे होणेही लांबते. दुष्काळाने तणाचा शत्रूही दुबळा होतो, हे या उदाहरणातून नीट दिसते.

रासायनिक तणनाशकांचेही असेच आहे. पाण्याच्या ताणात वनस्पती पानावरचे मेणचट आवरण जाड करते आणि आतला रसप्रवाह मंद होतो; त्यामुळे पानावर फवारलेले औषध आत कमी शिरते आणि शिरलेले मुळांपर्यंत पोहोचत नाही. सुकलेल्या, धुळीने माखलेल्या तणावर फवारणी करून वरची पाने जळलेली पाहून समाधान मानणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. फवारायचेच असेल तर पावसानंतर तण पुन्हा जोमाने वाढू लागल्यावर, पण फुलण्याआधी.

झाडे उशिरा बोलतात

झाडाचे पाणी मुळापासून पानापर्यंत खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून चढते, आणि ते खालून ढकलले जात नाही, वरून ओढले जाते. पानातून वाफ होऊन पाणी गेले की नळीतला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. माती सुकत गेली की हा धागा अधिकाधिक ताणला जातो आणि एका टप्प्यावर त्यात हवेचा बुडबुडा शिरतो. शहाळ्यात घातलेल्या नळीला वरच्या बाजूला चीर गेली की कितीही ओढले तरी तोंडात हवाच येते. झाडाच्या त्या नळीचे तसेच होते आणि ती कामातून जाते. थोड्या नळ्या गेल्या तर शेंड्याकडच्या फांद्या वाळतात, पुष्कळ गेल्या तर झाड. हे टाळण्यासाठी झाड पर्णरंध्रे मिटून बसले तर नळ्या वाचतात, पण अन्न बनत नाही आणि साठवलेल्या पिष्टावर दिवस काढावे लागतात. मोठी झाडे सहसा या दोहोंपैकी एकाने एकदम मरत नाहीत. दोन्हींनी थोडी थोडी खचतात.

सागाने यावर सोपा तोडगा काढला आहे. जी पाने पाणी उडवणार तीच तो टाकून देतो. पळस, सावर, पांगारा हेही तसेच. निष्पर्ण उभे असताना ते फुलतात, एवढी शिल्लक त्यांच्याजवळ असते. त्यामुळे फेब्रुवारीत उघडा पडलेला साग किंवा एरवीपेक्षा महिनाभर आधी पानगळ झालेला ऐन पाहून तो मेला असे समजणे चूक आहे. शहरातून आलेले जमीनमालक अशी झाडे वाळली म्हणून तोडायला निघतात, तेव्हा वाईट वाटते. नखाने किंवा चाकूच्या टोकाने फांदीची साल जराशी खरवडून पाहावी; खाली हिरवी, ओलसर साल दिसली तर झाड जिवंत आहे. आंबा, फणस, जांभूळ ही झाडे मात्र पाने टाकून मोकळी होऊ शकत नाहीत, त्यांना बाराही महिने पाणी पुरवावे लागते. मुरमापर्यंत खोल मुळे गेलेला जुना आंबा हे करतो. उथळ मातीतला फणस लवकर हार मानतो. कुसुमाच्या झाडाला मार्च-एप्रिलच्या ऐन उन्हात लालभडक पालवी फुटते, ती खोलवरच्या पाण्याच्या भरवशावर. असे झाड ज्या वर्षी पालवी उशिरा किंवा तुटपुंजी काढते, त्या वर्षी खालचे पाणी उतरले आहे असा अंदाज बांधायला हरकत नाही.

झाडांच्या बाबतीत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्यांचा उशीर. दुष्काळाचा फटका बसलेले झाड पुष्कळदा पुढच्या पावसात चांगली पालवी काढते आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत मरते. पिष्टाचा साठा संपलेला असतो, टोकाची बारीक मुळे मेलेली असतात, आणि मग कीड येते. निरोगी आंबा खोडात शिरणाऱ्या अळीचा चिकाने काहीसा प्रतिकार करू शकतो. ताणात असलेल्या झाडाजवळ तेवढा चीक नसतो आणि त्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागते. खोडाच्या भोकातून भुसा पडताना दिसतो तेव्हा आपण किडीला दोष देतो, पण खरी सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमध्ये झालेली असू शकते. राबासाठी दरवर्षी फांद्या छाटल्या जाणाऱ्या ऐनाची स्थिती याहून कठीण. पाने बनवायला खर्च झालेले अन्न परत खोडात जमा होण्याआधीच पाने निघून जातात, आणि त्यावर कोरडे वर्ष आले तर फुटवा काढायला शिल्लक काही उरत नाही. लागोपाठ तूट असलेल्या वर्षांत तरी राबाचा कवळ पाळीपाळीने, वेगवेगळ्या झाडांवरून काढावा.

रोपांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. जुलैत लावलेल्या रोपाचा खरा दुष्काळ ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि पहिले दोन-तीन उन्हाळे त्याच्या मुळांना मुरमात वाट सापडलेली नसते. रोज तांब्याभर पाणी घालण्याने मुळे वरच्या थरातच घुटमळतात; त्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा, पण खोल मुरेल इतके पाणी द्यावे, आणि बुंध्याभोवती हातभर जागेतले गवत काढून तिथे वाळलेल्या पाचोळ्याचे जाड आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, कारण वाळवी येते. गवत काढायचे ते हातभर जागेतलेच. वणव्याच्या भीतीने किंवा नीटनेटकेपणासाठी सगळा प्लॉट जेसीबीने खरवडून घेणे हा गाजरगवताला दिलेला आवतणाचा कागद आहे. वणवा अडवायला कडेने आठ-दहा फुटांचा जाळपट्टा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, पुरे.

हिरवे ते सगळे खाण्याजोगे नसते

सगळा माळ पिवळा पडलेला असताना जे हिरवे उरते, ते बहुधा गुरांनी टाळलेले असते, आणि टाळण्यामागे कारण असते. घाणेरीने गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. नाल्याकाठच्या बेशरमीची शेळ्यांना चटक लागते आणि त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. रस्त्यांच्या दुभाजकांत लावलेल्या कण्हेरीची मूठभर पानेही जनावराचा जीव घेऊ शकतात. एरवी गुरे यांना तोंड लावत नाहीत, उपासमारीत लावतात. गाजरगवत पोटात गेले तर दुधाला कडवटपणा येतो.

यापेक्षा कमी ठाऊक असलेला धोका काटेमाठासारख्या पौष्टिक दिसणाऱ्या तणांत असतो. पाण्याच्या ताणात मुळे मातीतले नायट्रेट शोषत राहतात, पण वाढ थांबल्यामुळे पानांत त्याचे प्रथिनांत रूपांतर होत नाही आणि ते देठांत साठते. दीर्घ खंडानंतर पाऊस पडल्यावर पहिले काही दिवस हे प्रमाण आणखी वाढते. अशा तणावर भुकेले जनावर सोडले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, रक्त चॉकलेटी रंगाचे दिसते, जनावर धापा टाकते आणि काही तासांत दगावू शकते. पशुवैद्यक वेळेत पोहोचला तर उपचार आहे. म्हणून पहिल्या पावसानंतर सकाळी आधी पेंढा घालून मगच गुरे बाहेर काढावीत.

पहिल्या पावसानंतरचे सहा आठवडे

उघड्या मातीवर पावसाचे थेंब थेट आपटतात, वरची बारीक माती छिद्रांत बसते आणि पापुद्रा धरतो. जूनमध्ये एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तरी अशा जमिनीत त्यातला थोडाच मुरतो. म्हणजे दुष्काळ संपल्यानंतरही तिथे दुष्काळच चालू राहतो. वाळलेल्या गवताचे चार बोटे खुंट आणि पाचोळा जमिनीवर राहू दिला तर हाच पाऊस थांबतो, मुरतो आणि ठोंबांना मिळतो. कापणीच्या वेळी माळाचा एखादा पट्टा बी पडेपर्यंत न कापता सोडला असेल, तर उघड्या तुकड्यांवर टाकायला चांगल्या गवताचे बीही हाताशी असते.

या दिवसांत सर्वांत कठीण काम म्हणजे गुरांना माळावर जाऊ न देणे. पहिल्या सरींनंतर ठोंबाने काढलेली पाती ही त्याच्या शेवटच्या शिलकीतून काढलेली असतात. ती लगेच खाल्ली गेली तर दुष्काळात वाचलेले ठोंब पावसाळ्यात मरतात, आणि हे मरण कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण भोवती टाकळा, कुर्डू यांनी सगळे हिरवेगार झालेले असते. सहा आठवडे सगळा माळ राखणे कोणालाच परवडत नाही. तेव्हा निम्मा राखावा, त्यातही जिथे पवन्या आणि मारवेलचे ठोंब उरले असतील तो भाग आधी, आणि पुढच्या वर्षी दुसरा.

दुष्काळात बाहेरून विकत आणलेल्या चाऱ्याबरोबर नवे तण येते, हे विसरू नये. असा चारा गोठ्याजवळच्या एकाच ठरावीक जागी घालावा आणि पावसाळ्यात त्या जागेवर नजर ठेवावी. तिथे गाजरगवत दिसले की पांढरी फुले येण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते. फुललेले झुडूप उपटून बांधावर टाकू नये, कारण तिथेही बी पक्व होऊन गळते.

झाडांबाबत या सहा आठवड्यांत काहीच करू नये. वाळलेल्या फांद्या घरावर किंवा वाटेवर पडण्याचा धोका असेल तर तेवढ्या काढाव्यात, पण झाड पाडण्याचा निर्णय दुसरा पावसाळा पाहूनच घ्यावा. मधल्या काळात बुंध्याभोवतीची, गुरांच्या बसण्याने घट्ट झालेली माती वरवर मोकळी करून पाचोळा पसरावा, आणि त्या वर्षी त्या झाडाचा कवळ काढू नये.